रिकामी फट

श्रावणातील एक सकाळ होती. नागपूरच्या महाल भागातील एका जुन्या घरात पुस्तकांचे कपाट आवरण्याचे काम चालले होते. बाहेर रस्त्यावरून नागद्वारच्या यात्रेला निघालेल्या भाविकांचा जयघोष अधूनमधून ऐकू येत होता. एवढ्यात कपाटाच्या खालच्या खणातून कापडी फितीने बांधलेले एक जाड बाड निघाले. घरातल्या बारा वर्षांच्या नातीने फीत सोडली. आत पिवळ्या पडलेल्या कागदांवर वाळलेली रोपे, पाने आणि फुले बारीक पट्ट्यांनी चिकटवून ठेवली होती. प्रत्येक कागदाच्या कोपऱ्यात एक चिठ्ठी होती आणि तिच्यावर वनस्पतीचे नाव व ती मिळाल्याचे ठिकाण सुवाच्य अक्षरात लिहिलेले होते. साठ वर्षांपूर्वी महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकत असताना तिच्या आजोबांनी केलेला तो संग्रह होता.

नातीला मोठा आनंद झाला. शाळेने तिला निरनिराळी पाने जमवून आणण्यास सांगितले होते. हा तर आयताच खजिना हाती आला! ती एकेक कागद उलटू लागली आणि एका कागदाशी थबकली. त्यावर पान असे नव्हतेच. वीतभर उंचीच्या काही काड्या तेवढ्या होत्या. प्रत्येक काडीला दोन फाटे फुटले होते, त्या फाट्यांना पुन्हा दोन, आणि त्यांना पुन्हा दोन. काड्यांच्या अंगावर मोहरीएवढे पिवळसर मणी चिकटलेले होते.

“आजोबा, याची पाने गळून गेली का?” तिने विचारले.

“गळली नाहीत. त्याला पाने नव्हतीच,” आजोबा म्हणाले, आणि त्यांनी तो कागद हळूच आपल्याकडे ओढून घेतला.

चिठ्ठीवर ‘सायलोटम’ असे नाव होते आणि ठिकाण होते पचमढी. त्याखाली परीक्षकाने दिलेले गुण होते. ते चांगले होते. परंतु गुणांच्या खाली लाल शाईने एक लहानसा प्रश्न लिहिलेला होता : ‘मागे किती राहिली?’ प्रश्नापुढे उत्तरासाठी जागा सोडलेली होती. साठ वर्षे ती जागा कोरीच राहिली होती.

त्या कोऱ्या जागेची हकीकत समजण्यासाठी त्या वनस्पतीची आणि ती जेथे वाढते त्या डोंगराची ओळख करून घ्यावयास हवी.

आजोबा नातीला परसातल्या विहिरीपाशी घेऊन गेले. विहिरीचे पाणी आता कोणी भरत नाही; पण पावसाळा आला की तिच्या दगडी भिंतीच्या सांध्यासांध्यांतून हंसराजाची नाजूक पाने डोकावू लागतात. हंसराज हा एक नेचा. नेच्यांना फूल येत नाही, फळ येत नाही आणि बीही धरत नाही. मग त्यांचा वंश चालतो कसा? हंसराजाचे पान उलटून पाहिले, तर त्याच्या कडेला तपकिरी रेघा दिसतात. त्यांत धुळीहून बारीक असे असंख्य बीजाणू असतात. ते वाऱ्यावर उडतात. ज्याला ओल, सावली आणि मूठभर माती लाभते, असा लाखांतला एखादाच रुजतो. त्यातूनही लगेच नेचा उगवत नाही. आधी नखाएवढा, पातळ, हिरवा असा एक पापुद्रा तयार होतो आणि त्या पापुद्र्यावर पुढे नेच्याचे रोप जन्म घेते. हे घडेपर्यंत ओल टिकली पाहिजे. म्हणूनच नेचे विहिरीच्या भिंतींना, ओढ्यांच्या काठांना आणि पाणी झिरपणाऱ्या कड्यांना बिलगून राहतात.

सायलोटम हे नेच्यांच्याच कुळातले. पण मोठे विलक्षण. त्याला खरी मुळे नाहीत आणि पानांच्या जागी केवळ बारीक खवले आहेत. हिरवी काडीच त्याचे अन्न तयार करते. अंगावरचे ते मणी म्हणजे बीजाणूंच्या तीन-तीन कप्प्यांच्या डब्या. स्कॉटलंडमधील ऱ्हायनी नावाच्या खेड्याजवळ १९१२ साली विल्यम मॅकी या डॉक्टराला काही चमत्कारिक दगड सापडले. त्या दगडांत सुमारे ४० कोटी वर्षांपूर्वीच्या वनस्पती जशाच्या तशा जतन होऊन राहिल्या होत्या. त्यांनाही पाने नव्हती, त्यांनाही अशाच दुभंगत जाणाऱ्या काड्या होत्या. साहजिकच सायलोटम हा त्या प्राचीन वनस्पतींचा शेवटचा वारस असावा, असे पुष्कळ वर्षे मानले गेले आणि आजोबांनीही आपल्या विद्यार्थ्यांना तसेच शिकविले. पुढे पेशींतील आनुवंशिक द्रव्याची तुलना करता येऊ लागली, तेव्हा सायलोटमचे खरे नाते नेच्यांशी आहे असे दिसून आले. आपण इतकी वर्षे शिकविलेले बदलावे लागले, याचे आजोबांना वाईट वाटले नाही. निसर्गाने लिहिलेला ग्रंथ आपण अजून नीट वाचलेला नाही, असे ते म्हणत.

आता तो डोंगर. नागपूरहून उत्तरेकडे सावनेर, सौंसर आणि छिंदवाडा ही गावे ओलांडून सुमारे २५० किलोमीटर गेले, की सातपुड्यातील पचमढीचे पठार लागते. नागपूरकरांचे या पठाराशी जुने नाते आहे. गोंड व कोरकू लोक तेथे पूर्वापार नांदत आलेले. विदर्भातील भाविक नागपंचमीच्या सुमारास नागद्वारला आणि महाशिवरात्रीला चौरागडच्या महादेवाला त्रिशूळ वाहावयास तेथे जातात. इंग्रजांनी १८६१ साली मध्यप्रांत निर्माण केला आणि नागपूर त्याची राजधानी झाली. मग उन्हाळा आला की नागपूरच्या धगीला कंटाळलेले सरकार आपले कारभाराचे कागद घेऊन पचमढीच्या गारव्याला जाऊ लागले. १९५६ साली राज्यांची नवी रचना झाली. नागपूर एका राज्यात गेले आणि पचमढी दुसऱ्या राज्यात राहिली. माणसांनी आखलेल्या सीमा अशा बदलतात. निसर्गाने आखलेली पचमढीची सीमा मात्र बदललेली नाही.

ती सीमा कोणती? पचमढी समुद्रसपाटीपासून हजार मीटरांहून अधिक उंचीवर आहे. जवळचे धूपगडचे शिखर तर सुमारे १,३५० मीटर उंच, म्हणजे सबंध सातपुड्यात सर्वांत उंच आहे. या उंचीमुळे पावसाळी ढग येथे अडतात आणि खालच्या प्रदेशापेक्षा कितीतरी अधिक पाऊस पडतो. येथला खडक वालुकाश्माचा. तो पावसाचे पाणी पिऊन घेतो आणि पुढे कित्येक महिने थेंबाथेंबाने दऱ्यांतून सोडीत राहतो. खोल, अरुंद दऱ्यांत दुपारच्या वेळीही ऊन पोहोचत नाही. तेथे माणसाहून उंच वाढणारे, ताडासारखे दिसणारे वृक्षनेचे आहेत, खडकांना झाकून टाकणारे लहान नेचे आहेत आणि कुठे कुठे कपारीत सायलोटमही आहे. परंतु पठार उतरून खाली आले की पुन्हा रखरखीत सपाटी सुरू होते. वैशाखात तेथली जमीन भेगाळते. ओलाव्यावर जगणाऱ्या नेच्याला ही सपाटी म्हणजे न ओलांडता येणारा समुद्रच! चारी बाजूंनी पाणी असलेल्या जमिनीला आपण बेट म्हणतो. मग चारी बाजूंनी कोरडी जमीन असलेल्या या ओल्या डोंगराला काय म्हणावे? तेही एक बेटच नव्हे काय?

साठ वर्षांपूर्वी या बेटाकडे नागपुरातील एका महाविद्यालयाची सहल निघाली. त्या वेळी नागपूरहून छिंदवाड्याला अरुंद रुळांवरून धावणारी लहान गाडी जात असे. २०१५ साली ती बंद झाली आणि नंतर तेथे रुंद रूळ आले. वनस्पतिशास्त्राचे तीस विद्यार्थी त्या गाडीत दाटीवाटीने बसले होते. गाडी सौंसरला थांबली, तेव्हा त्यांच्या प्राध्यापकांनी खिडकीतून बाहेर बोट दाखविले. या परिसरातील दगडांत थोर शास्त्रज्ञ डॉ. बिरबल साहनी यांनी प्राचीन वनस्पतींचे अवशेष अभ्यासले होते. ॲझोला नावाच्या, पाण्यावर तरंगणाऱ्या चिमुकल्या नेच्याचे अवशेषही त्यांत होते. दख्खनचा लाव्हा पसरत होता, त्या काळातले, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे ते नेचे! “नेच्यांनी ज्वालामुखी सोसले,” प्राध्यापक म्हणाले, “आता ते आपल्याला सोसतात की नाही, ते पाहावयाचे.” मुले हसली. त्या वाक्यातील अर्धा अर्थच त्यांना कळला होता.

दुसऱ्या दिवशी दरीत उतरण्यापूर्वी प्राध्यापकांनी सर्वांना बजावले, “सायलोटम दिसले तर मला हाक मारा. त्याला हात लावू नका.” विद्यार्थी पांगले. तासाभराने त्यांतला एक जण वालुकाश्माच्या एका उभ्या कड्यापाशी आला. कड्याला आडवी फट होती आणि तिच्यातून हिरव्या काड्यांचा एक झुबका बाहेर आला होता. पुस्तकातील चित्र जणू जिवंत होऊन समोर उभे राहिले होते. त्या विद्यार्थ्याच्या छातीत धडधडू लागले. हाक मारण्यासाठी त्याने तोंड उघडले. पण त्याच वेळी मनात दुसरा विचार आला. परीक्षेसाठी वनस्पतींचा संग्रह सादर करावयाचा होता. दुर्मिळ नमुना असेल तर गुण अधिक. आणि झुबका तर चांगला मोठा आहे! त्यातले एक घेतले तर काय बिघडणार आहे?

त्याने इकडेतिकडे पाहिले, एक काडी धरली आणि ओढली. काडी तुटली नाही. तिच्याबरोबर जमिनीखालचे वेडेवाकडे खोड आणि ओंजळभर माती फटीतून निसटून बाहेर आली. त्याने ती घाईघाईने वर्तमानपत्राच्या घडीत दाबली. तेवढ्यात त्याचे दोन मित्र आले. त्यांनीही एकेकच घेतले. त्यांच्यामागून आणखी काही जण आले. कोणीही अधाशीपणा केला नाही; जो तो एकच घेऊन गेला. प्राध्यापक तेथे पोहोचले, तेव्हा कड्यात एक रिकामी फट होती आणि खाली थोडी ओली माती सांडलेली होती.

ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरे झाले असते, असे त्या विद्यार्थ्याला पुढे अनेकदा वाटले. त्यांनी ओणवे होऊन फटीत पाहिले, सांडलेली माती बोटांनी गोळा केली आणि पुन्हा फटीत भरली. परत येताना ते कोणाशी बोलले नाहीत. संग्रह तपासताना त्यांनी नमुन्याला त्याच्या योग्यतेप्रमाणे गुण दिले. नमुना उत्तम वाळविला होता, नाव बिनचूक लिहिले होते. गुण कापण्याचे कारण नव्हते. फक्त खाली लाल शाईने त्यांनी तो प्रश्न लिहिला.

तो विद्यार्थी म्हणजेच आजोबा. पुढे ते स्वतः वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक झाले. आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन ते अनेकदा पचमढीला गेले आणि दर वेळी वाट वाकडी करून त्या कड्यापाशी जाऊन आले. पहिल्या वर्षी फटीत नुसती वाळू होती. काही वर्षांनी तेथे शेवाळ आले. मग दुसऱ्या जातीच्या एका नेच्याने तेथे बस्तान बसविले. सायलोटम काही परत आले नाही.

“पण आजोबा,” नात म्हणाली, “तुम्हीच आता सांगितले ना, की बीजाणू वाऱ्यावर उडतात? मग दुसरीकडचे बीजाणू उडून त्या फटीत का नाही आले?”

प्रश्न योग्य होता आणि आजोबांना तो आवडला. बीजाणू उडतात हे खरे. नेचे दूरदूरच्या बेटांवर पोहोचले ते त्यामुळेच. परंतु उडणे निराळे आणि रुजणे निराळे. सायलोटमचा बीजाणू हंसराजाप्रमाणे उजेडात हिरवा पापुद्रा करीत नाही. तो मातीच्या आत, अंधारात वाढतो. तेथे त्याचा एक तपकिरी, दोऱ्यासारखा बारीक अंश तयार होतो. त्याला हिरवा रंग नसल्यामुळे स्वतःचे अन्न करता येत नाही. मातीतील एक प्रकारचे कवक त्याला अन्न पुरविते, तेव्हाच तो जगतो. म्हणजे बीजाणूला नेमकी फट सापडली पाहिजे, फटीत ओली माती असली पाहिजे, मातीत त्याचा तो सोबती असला पाहिजे, आणि हे सारे वर्षानुवर्षे कोणी हलविता कामा नये. त्या दिवशी मुलांनी काड्याच तेवढ्या नेल्या नव्हत्या. फटीतील माती आणि तिच्यातील न दिसणारे घरटेही मोडून नेले होते.

नातीने थोडा विचार केला आणि विचारले, “मग आता जगातून सायलोटम संपले?”

“नाही,” आजोबा म्हणाले. “जगातल्या उष्ण प्रदेशांत ते पुष्कळ ठिकाणी आहे. जपानात तर लोक ते कुंड्यांत हौसेने वाढवितात.”

“मग एवढे वाईट का वाटून घ्यायचे?”

याचे उत्तर सोपे नव्हते. गावातली विहीर आटली, तर समुद्रात पाणी पुष्कळ आहे म्हणून गावकऱ्यांची तहान भागत नाही. जपानातील कुंडीत सायलोटम आहे म्हणून पचमढीच्या कड्यातील जागा भरून निघत नाही. बेटावरचे जीवन असे असते. तेथे प्रत्येक जात थोडकी असते आणि हरवलेले परत आणून देणारा शेजारी जवळ नसतो. आणि काही वनस्पती तर अशा असतात, की साऱ्या जगात त्यांचे एकच बेट असते. अशाच एका नेच्याची गोष्ट आजोबांनी नातीला सांगितली.

दक्षिण अटलांटिक महासागरात, आफ्रिकेच्या किनाऱ्यापासून सुमारे १,६०० किलोमीटरांवर, असेन्शन नावाचे ज्वालामुखीचे एक लहानसे बेट आहे. त्याचा बहुतेक भाग ओसाड. पण मध्यभागी सुमारे ८६० मीटर उंचीचा एक डोंगर आहे. त्याच्या ओलसर कड्यांवर एक चिमुकला नेचा वाढत असे. त्याची पाने कोथिंबिरीसारखी नाजूक, कातरलेली. जगात दुसरीकडे कोठेही तो नव्हता. माणसांनी बेटावर शेळ्या सोडल्या. पुढे १८४३ साली जोसेफ हुकर हा वनस्पतिशास्त्रज्ञ तेथे आला. त्या उजाड बेटावर झाडे लावली तर ओलावा वाढेल, माती धरली जाईल आणि माणसांना पाणी मिळेल, असे त्याने सुचविले. हेतू चांगला होता. दूरदूरच्या देशांतून रोपे आली आणि डोंगर हिरवागार झाला. परंतु बाहेरून आलेल्या त्या दांडग्या पाहुण्यांनी मूळच्या लहान यजमानाची जागा बळकावली. १९५८ नंतर तो नेचा कोणास दिसला नाही. २००३ साली तो नामशेष झाला अशी नोंद झाली.

आणि मग २००९ साली स्टेडसन स्ट्राउड व फिल लॅम्डन हे दोघे वनस्पती शोधीत त्या डोंगराच्या उतारावर फिरत असताना त्यांना एका खडकावर ती कातरलेली पाने दिसली! पुढे शोध घेता एकंदर चार रोपे मिळाली. साऱ्या पृथ्वीवर चार! त्या दोघांनी ती उपटली नाहीत. अवघड कड्यावर जाऊन त्यांनी त्यांची निगा राखली. बीजाणू तयार झाले, तेव्हा ते असलेला पानाचा लहानसा अंश तेवढा निर्जंतुक डबीत घालून विमानाने इंग्लंडमधील क्यू येथील वनस्पति-उद्यानाकडे पाठविला. चोवीस तासांच्या आत ती डबी प्रयोगशाळेत पोहोचली. तेथे बीजाणू रुजले, रोपे वाढली आणि पुढे असेन्शनच्या डोंगरावर नवी रोपे पुन्हा लावण्यात आली.

नात ऐकत होती. तिच्या डोळ्यांपुढे दोन कडे उभे राहिले असावेत. एका कड्यावर चार रोपे पाहून दोन माणसे थांबली होती. दुसऱ्या कड्यावर भरगच्च झुबका पाहून कोणीच थांबले नव्हते. असेन्शनच्या नेच्याला शेळ्यांनी आणि परक्या झाडांनी मागे रेटले. पचमढीच्या त्या फटीतील सायलोटमला मात्र त्याची आवड असणाऱ्यांनीच संपविले. त्यांना त्याचे नाव ठाऊक होते, त्याचे महत्त्व ठाऊक होते. म्हणूनच तर त्यांना ते हवे होते. अज्ञानाने झाडे मरतात हे आपण ऐकतो. अर्धवट ज्ञानानेही ती मरतात, ही गोष्ट मात्र सहसा कोणी सांगत नाही. एखाद्या वस्तूचे मोल कळणे ही विद्येची पहिली पायरी होय. आणि मोल कळल्यावरही तिला जेथल्या तेथे राहू देणे ही दुसरी. पहिली पायरी पुस्तकाने चढता येते, दुसरीसाठी मन आवरावे लागते.

आज नियम पुष्कळ झाले आहेत. वन्यजीव संरक्षणाचा कायदा १९७२ साली झाला. १९८१ साली सातपुडा राष्ट्रीय उद्यान झाले आणि १९९९ साली पचमढीचा परिसर जीवावरण राखीव क्षेत्र म्हणून घोषित झाला. राष्ट्रीय उद्यानातून परवानगीवाचून रोप उपटणे हा आता गुन्हा आहे. हे चांगलेच झाले. तथापि प्रत्येक कड्यापाशी पहारेकरी कसा उभा राहील? दरीत एकटा उभा असलेला विद्यार्थी आणि फटीतले रोप, या दोघांमध्ये त्या क्षणी कोणीही नसते. तेथे जे काही ठरते, ते त्या विद्यार्थ्याच्या मनातच ठरते.

आजोबांनी आपल्या विद्यार्थ्यांसाठी एक साधी रीत घालून दिली होती. दरीत उतरताना प्रत्येकाजवळ वही, पेन्सिल आणि भिंग असावयाचे. रोप दिसले की त्यापाशी बसावयाचे, काडीला किती फाटे फुटले आहेत ते मोजावयाचे, मण्यांचे कप्पे भिंगातून पाहावयाचे आणि चित्र काढावयाचे. ओढून नेलेले रोप टीपकागदात दबून आठवडाभरात तपकिरी होते. पण अर्धा तास बसून काढलेले रोप मनातून कधी जात नाही, असा त्यांचा अनुभव होता. एका वर्षी त्यांच्या एका विद्यार्थ्याला अगदी वेगळ्या दरीत सायलोटमचा लहानसा झुबका दिसला. तो धावत आला नाही, ओरडला नाही. त्याने आजोबांना बाजूला बोलावून हलक्या आवाजात सांगितले. दोघेच तेथे गेले, पाहिले आणि परतले. त्या रात्री आजोबांना शांत झोप लागली.

“ती दरी कोठे आहे?” नातीने विचारले.

आजोबा हसले, पण बोलले नाहीत. थोड्या वेळाने नातीच्याच ध्यानात आले आणि ती म्हणाली, “नका सांगू.”

मग आजोबांनी तो पिवळा कागद मेजावर ठेवला. चष्मा लावला, पेन उघडले. लाल शाईतल्या प्रश्नापुढे साठ वर्षे कोऱ्या राहिलेल्या जागेत त्यांनी दोन शब्द लिहिले : ‘एकही नाही.’ त्याखाली सही केली आणि आजचा दिनांक घातला. ज्यांनी तो प्रश्न विचारला होता, ते प्राध्यापक हे उत्तर वाचावयास आता हयात नव्हते. तरीही उत्तर लिहिणे आवश्यक होते. कारण बिनचूक नोंद ठेवावयास त्यांनीच शिकविले होते.

दुपारी नात वही घेऊन विहिरीच्या काठावर बसली. तिने हंसराजाची पाने मोजली, ती सतरा भरली. त्यांतल्या एकाचे चित्र तिने सावकाश काढले, त्याखाली नाव आणि ठिकाण लिहिले आणि आणखी एक ओळ स्वतःच्या मनाने जोडली : ‘मागे राहिली – सतरा.’

शाळेत बाईंनी पाने मागितली होती. नातीने पानाऐवजी पानाचे चित्र नेले. तिला किती गुण मिळाले, हे तिने घरी आल्यावर सांगितले नाही आणि आजोबांनीही विचारले नाही. पाऊस सुरू झाला होता. विहिरीच्या भिंतीवर सतराही पाने ओली होऊन हलत होती.